एक टक्का म्हणजे दहा हजार पीपीएम

भोसरी एमआयडीसीतल्या एका प्रेसशॉपमध्ये मी बरीच वर्षं क्वालिटी सांभाळली. चाकणच्या गाडी कंपन्यांना आमच्याकडून ब्रॅकेट, क्लॅम्प असे बारीकसारीक शीटमेटलचे नग जायचे. महिनाअखेर गिऱ्हाईक कंपनीकडून व्हेंडर रेटिंगचा कागद यायचा आणि सगळ्यांची नजर एकाच रकान्यावर जायची: पीपीएम. दहा लाख नगांमागे बाद किती. आकडा दोन अंकी असेल तर चहा, तीन अंकी झाला तर फोन, आणि चार अंकी झाला की मालक स्वतः एट-डी रिपोर्टची, म्हणजे दोषाचं मूळ आणि उपाय मांडणाऱ्या अहवालाची, फाइल काखोटीला मारून तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमध्ये. पाच अंकी आकडा मी कधी पाहिला नाही, कारण तिथवर जायच्या आत ऑर्डर दुसऱ्याकडे गेलेली असते.

म्हणून ट्रायचा नियम वाचताना मी थबकले. टेलिफोन आणि इंटरनेटच्या या नियामकानं २००६ साली ब्रॉडबँडच्या दर्जाचे निकष ठरवले. त्यांत पॅकेट लॉस १ टक्क्याच्या आत असावा, असं म्हटलं होतं. १ टक्का म्हणजे दहा हजार पीपीएम. ज्या गावात बाराशे पीपीएमला व्हेंडरची झोप उडते, त्याच गावात घरोघरी येणाऱ्या इंटरनेटच्या तारेला दहा हजारांपर्यंत मुभा आहे. आणि गंमत म्हणजे हा आकडा ओलांडला तरी कुणी हटकत नाही, कारण तो कुणी विचारतच नाही. कनेक्शन घेताना आपण विचारतो ते दोनच प्रश्न: स्पीड किती, आणि वर ओटीटी कुठलं फुकट.

तुलना पुरती न्याय्य नाही, हे मान्य. बाद ब्रॅकेट भंगारात जातो, हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवता येतं. आपण जे काही पाठवतो-मागवतो ते साधारण दीड हजार बाइटच्या तुकड्यांत जातं आणि तुकड्यांना क्रमांक असतात. डिलिव्हरी चलनासारखंच: इनवर्डला ४१, ४२ आणि ४४ आले की स्टोअरवाला ४३ कुठाय म्हणून विचारतो आणि तो पाठोपाठ येतो. वेबसाइट, ईमेल, बँकेचे व्यवहार असेच चालतात. हरवलं तर थोडा उशीर होतो, इतकंच. बोलण्याचं मात्र तसं नाही. कॉलमध्ये गळालेला शब्द दोन सेकंदांनी आणून दिला तर त्याचं करायचं काय? तिथे गेलं ते गेलं.

माझं भांडण नेमकं तिथूनच सुरू झालं. नोकरी संपल्यावर मी संध्याकाळी ऑनलाइन वर्ग घ्यायला लागले. विषय ड्रॉइंग वाचन आणि मापन. मुलं बहुतेक आयटीआय झालेली. लातूर, परभणी, जळगावकडून आलेली, खराबवाडी, महाळुंगे, निघोजेत चौघा-पाचांत एक खोली घेऊन राहणारी, फर्स्ट शिफ्ट उरकून मोबाइल समोर धरून बसणारी. व्हर्नियरचा लीस्ट काउंट शिकवताना मी सांगितलं, शून्य पॉइंट शून्य दोन मिलिमीटर. वर्ग संपल्यावर एकानं वहीचा फोटो पाठवला. वहीत लिहिलेलं: ०.२. दुसऱ्याच्या वहीतही ०.२. तिसऱ्यानं आपल्या मनानं खाडाखोड करून ०.०२ केलं होतं, कारण तो रोज व्हर्नियर हाताळतो. मोशीतल्या माझ्या घरातून निघालेलं एक शून्य वाटेत गळालं होतं, आणि त्या शून्यानं माप दहापट झालं होतं.

एकाच मुलाला चुकीचं ऐकू आलं असतं तर त्याच्या मोबाइलचा टॉवर, त्याची खोली, पत्र्याचं छत, असं काहीतरी धरता आलं असतं. निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या सिमकार्डांवर बसलेल्या मुलांना एकच शब्द ऐकू आला नाही, म्हणजे दोष माझ्या टोकाला. लॉटमधल्या सगळ्या नगांवर एकाच जागी ओरखडा असेल तर डाय तपासायची, नग नव्हे.

इथे एक बारकावा सांगायला हवा, कारण कंपनीच्या सरासरीत तो कधीच दिसत नाही. कॉलमधला आवाज साधारण २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांनी जातो. मधूनच एखादा तुकडा हरवला तर ॲप तो आजूबाजूच्या आवाजावरून भरून काढतं, कानाला कळतही नाही. पण ‘शून्य’ म्हणायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो, म्हणजे पंधराएक तुकडे. ते ओळीनं गेले तर शब्द गेला. शंभरातला एक तुकडा विखरून हरवला तर कुणाचं काही बिघडत नाही. तेच १ टक्का नुकसान गठ्ठ्यानं झालं तर वर्ग फुकट. टक्का दोन्हीकडे तोच.

मग मी तपासायला बसले. ज्याला कारखान्यात मशिनचा बिघाड शोधायची सवय आहे त्याला यात नवं काही नाही: साखळी टप्प्याटप्प्यानं तोडायची. लॅपटॉप ते राउटर हा घरातला टप्पा. राउटर ते कंपनीचं पहिलं उपकरण हा फायबरचा टप्पा. त्यापुढे कंपनीचं जाळं आणि बाहेरचं जग. प्रत्येक टप्प्याला पिंग मारून बघायचं. १९८३ साली माइक म्यूस नावाच्या अमेरिकी प्रोग्रॅमरनं लिहिलेलं हे चिमुकलं साधन आजही प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये आहे: एक छोटं पॅकेट पाठवतं, उत्तर आलं का आणि किती वेळात आलं, ते सांगतं.

फक्त एक करायचं नाही. विंडोजमध्ये पिंग नुसतं दिलं की चार पॅकेट जातात, चारही परत येतात, शून्य टक्के लॉस दिसतो आणि माणूस खूश होतो. हे सॅम्पलिंग नव्हे. लॉस खरोखर १ टक्का असेल तरी चार पॅकेट सुखरूप परतण्याची शक्यता शंभरात शहाण्णव. दहा हजारांच्या लॉटमधून चार नग उचलून लॉट पास करणाऱ्या इन्स्पेक्टरला मी दुसऱ्या दिवशी स्टोअरला पाठवलं असतं. १ टक्का लॉस पकडायचा तर निदान तीनशे पॅकेट पाठवायला हवीत. मग तो नजरेतून सुटण्याची शक्यता विसात एक उरते. आणि ती दुपारी नव्हे, ज्या वेळी त्रास होतो त्या वेळी पाठवायची.

घरातला टप्पा लवकर सुटला. वायफायवर राउटरपर्यंतच पॅकेट गळत होती. आमच्या टॉवरमध्ये दिवाणखान्यात बसून मोबाइलवर शेजारपाजारची चाळीसेक वायफाय नावं दिसतात, आणि २.४ गिगाहर्ट्‌झवर एकमेकांच्या वाटेत न येणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. एवढ्या गर्दीत पॅकेट धडपडणारच. लॅनची केबल लावली आणि राउटरपर्यंतचा लॉस शून्यावर आला. ज्यांचं काम कॉलवर चालतं त्यांनी पाच-सहाशे रुपयांची केबल आधी टाकावी आणि मग कंपनीशी भांडावं, एवढं कंपनीच्या बाजूनं बोलायला माझी हरकत नाही.

पण राउटरच्या पुढे लॉस उरलाच. दिवसभर दीड-दोन टक्के, रात्री आठनंतर पाच-सहा. पुढचा पहिला पत्ता घेतला तरी तेवढाच, गूगलचा ८.८.८.८ घेतला तरी तेवढाच. हे पुढपर्यंत ताडून बघणं महत्त्वाचं आहे. ट्रेसरूटमध्ये मधल्याच एखाद्या राउटरपाशी ६० टक्के लॉस दिसतो आणि त्याच्या पुढच्या टप्प्यावर शून्य. ते बघून आमच्या सोसायटीतल्या एका मुलानं कस्टमर केअरला फैलावर घेतलं होतं. पण तो लॉस नसतो. तो राउटर पॅकेट पुढे नेण्यात गुंतलेला असतो आणि पिंगला उत्तर देणं त्याच्या लेखी शेवटचं काम. शेवटच्या टोकापर्यंत टिकतो तोच खरा लॉस.

तक्रार नोंदवली. आलेला मुलगा पंचविशीच्या आतला, पाठीवर बॅग, दोन मोबाइल.

“काकू, स्पीड बघा, सत्त्याण्णव येतोय. शंभरचाच प्लॅन आहे ना?”

“स्पीडचं नाही रे, पॅकेट लॉसचं म्हणतेय मी.”

“लॉसचं ऑप्शनच नाही ना काकू ॲपमध्ये. नो इंटरनेट, स्लो स्पीड, राउटर चेंज, एवढंच हाय. तुमची स्लो स्पीडमध्ये टाकलीय. ओटीपी आला असंल बघा, सांगता का?”

त्या मुलाला मी बोल लावणार नाही. त्याला दिवसाकाठी ठरलेल्या तक्रारी बंद करायच्या असतात आणि ओटीपी मिळाला की तक्रार बंद. ज्या दोषाला फॉर्ममध्ये रकाना नाही तो दोष कंपनीच्या लेखी घडतच नाही. प्रेसशॉपमध्ये हीच लबाडी करणारे सुपरवायझर मी पाहिलेत. माझा राग आहे तो स्पीड टेस्टवर.

सत्त्याण्णव खोटे नव्हते. स्पीड टेस्ट जवळचा सर्व्हर शोधते, बहुधा पुण्यातला नाहीतर मुंबईतला, आणि एकाच वेळी अनेक जोडण्या उघडून माल ओढते. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मोशी ते मुंबई जाऊन यायला दोन मिलिसेकंदही लागू नयेत, वाटेतली उपकरणं धरून चार-पाच. इतक्या जवळ हरवलेलं पॅकेट लगेच पुन्हा मागवता येतं, म्हणून लॉस झाकला जातो. मॅथिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली याचं एक सुटसुटीत सूत्र मांडलं: एका जोडणीचा वेग जाऊन-येऊन लागणाऱ्या वेळेच्या उलट प्रमाणात, आणि लॉसच्या वर्गमुळाच्याही उलट प्रमाणात. १ टक्का लॉस धरून गणित केलं तर पाच मिलिसेकंदांवरच्या सर्व्हरशी एका जोडणीला साधारण २८ एमबीपीएस मिळतात. अशा पाच-सहा जोडण्या उघडल्या की शंभरचा प्लॅन भरलाच. तोच १ टक्का, पण सर्व्हर १४० मिलिसेकंदांवर असेल तर १ एमबीपीएस. अलीकडच्या काही पद्धती यापेक्षा जास्त तग धरतात, पण कल कळायला एवढं पुरे.

आता चाकण पट्ट्यात १४० मिलिसेकंदांवर कोण बसलंय? जर्मनी. आमच्या मजल्यावर एक डिझाइन इंजिनीअर राहतात, आठवड्यातले दोन दिवस घरून काम. त्यांची कॅडची फाइल जर्मनीतल्या सर्व्हरवरून व्हीपीएननं येते. त्यांच्याही घरी मुलगा येऊन स्पीड टेस्ट दाखवून गेलेला, तीही हिरवीगार. फाइल उघडायला लावून ते स्वयंपाकघरात पोळ्या लाटायला मदत करून येतात, असं त्यांच्या बायकोनं मला सांगितलं. तिला लॉसबद्दल फारशी तक्रार नाही.

मी त्या मुलाला चहा दिला आणि म्हटलं, ओटीपी देते, पण आधी पॉवर मीटर लाव. तो जरा खुललाच. ते त्याचं खरं कसब होतं आणि कुणी सांगत नव्हतं. राउटरची फायबर काढून मीटरला लावली: मायनस २८.६ डीबीएम. घरी बसवतात त्या नेहमीच्या जीपॉन उपकरणांना साधारण मायनस २७ पर्यंतचा प्रकाश धड वाचता येतो. हे मोजमाप लॉगरिदमचं, म्हणजे तीननं उतरलं की प्रकाश निम्मा. दिवा हिरवाच राहतो, इंटरनेट चालू दिसतं, पण उपकरण अंधुक उजेडात बारीक अक्षर वाचत असतं आणि काही पॅकेट चुकीची वाचून टाकून देतं.

लिफ्टशेजारच्या डक्टमधला डबा त्यानं उघडला. आत आठ-दहा घरांच्या पिवळ्या पॅच कॉर्ड, धूळ, पालीची अंडी आणि आमच्या लाइनला हिरव्या ॲडॉप्टरमध्ये खुपसलेला निळा कनेक्टर. हिरव्या कनेक्टरचं टोक आठ अंशांच्या कोनात घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. दोन्ही एकमेकांत बसतात, खट्ट आवाजही होतो, पण काचेची टोकं एकमेकांना टेकत नाहीत. मध्ये फट राहते आणि प्रकाश तिथे सांडतो. उलटा घालताच येऊ नये अशी सोय फिक्श्चरला असावी लागते, हे प्रेसशॉपमधला हेल्परसुद्धा जाणतो. इथे रंग सोडला तर अडवायला काहीच नाही. त्यानं बॅगेतून हिरवी कॉर्ड काढली, टोक पुसलं, लावली. मायनस २२.४.

दिवसाचा लॉस त्या संध्याकाळपासून गेला. आणि त्या मुलाच्या मोबाइलवर नोंद झाली: ‘स्लो स्पीड, रिझॉल्व्ह्ड’. निळा-हिरवा कनेक्टर कुठेच लिहिला गेला नाही. शेजारच्या विंगमध्ये तीच चूक त्याच माणसानं केली असेल तर ती त्या घरातला कुणीतरी वैतागेपर्यंत तशीच राहणार. एट-डीत हाच प्रश्न आधी विचारतात: हा दोष आणखी कुठे असू शकतो?

रात्रीचा लॉस मात्र राहिला. आठ वाजले की सुरू, अकराला ओसरतो, रविवारी जास्त. असं घड्याळ लावून येणारं नुकसान फायबरचं नसतं, गर्दीचं असतं. कंपनीच्या पुढच्या लिंकमध्ये मावतं त्यापेक्षा जास्त येतं, रांग भरते आणि उरलेली पॅकेट टाकून दिली जातात. इथे माझ्यातल्या क्वालिटीवालीला एक गोष्ट गिळावी लागली: शून्य लॉस हे इंटरनेटचं ध्येयच नाही. १९८६ साली अमेरिकेत बर्कली विद्यापीठ आणि तिथून चारशे यार्डांवरची लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. जो तो हरवलेलं पुन्हापुन्हा पाठवत होता आणि त्यानंच गर्दी वाढत होती. त्यावर व्हॅन जेकबसननं जी पद्धत काढली आणि १९८८ साली मांडली, तिच्यात हरवलेलं पॅकेट हाच इशारा: वाट भरली आहे, हात आखडता घ्या. म्हणजे थोडा लॉस हा नियंत्रणाचा भाग. शिवाय सातशे रुपयांत प्रत्येकाला स्वतंत्र शंभरची वाट मिळणार नाही, ती वाटून घेतलेलीच असणार, हेही मला कळतं. प्रश्न किती जणांत वाटली याचा आहे, आणि ते ग्राहकाला सांगायचं की नाही याचा.

२००६ च्याच नियमांत गर्दीच्या तासांना लिंक ८० टक्क्यांहून जास्त भरलेली नसावी असंही होतं. निकष चांगले आहेत. खोट सरासरीत आहे. समजा माझ्या लाइनवर रात्री आठ ते दहा ४ टक्के लॉस आहे आणि उरलेले बावीस तास काहीच नाही. दिवसाची सरासरी निघते टक्क्याचा तिसरा हिस्सा. नियमात. मग त्यात दुपारी रिकाम्या पडलेल्या शेकडो लाइनी मिसळा, आख्खं सर्कल मिसळा, आख्खी तिमाही मिसळा. कागदावर सगळं गुळगुळीत. आमच्याकडे एखाद्यानं भोकाच्या व्यासाची नुसती सरासरी दाखवली असती तर ऑडिटरनं पहिला प्रश्न विचारला असता, स्प्रेड कुठाय? अर्धी भोकं मोठी आणि अर्धी लहान असली तरी सरासरी ड्रॉइंगप्रमाणेच येते, फक्त बोल्ट एकातही बसत नाही.

२०२४ साली ट्रायनं जुने वेगवेगळे नियम एकत्र करून नवे आणले, ते १ ऑक्टोबरपासून लागू झाले. तरी मुळातली नजर वेगाचीच आहे. ब्रॉडबँड कशाला म्हणायचं, तर २००४ साली २५६ केबीपीएस, २०१३ पासून ५१२, २०२३ पासून २ एमबीपीएस. व्याख्या तीनदा झाली आणि तिन्ही वेळा वेगाचीच. अमेरिकेत २०२४ पासून ब्रॉडबँड विकताना खाद्यपदार्थाच्या पुडक्यासारखं लेबल लावावं लागतं. त्यावर वेग आहे, लेटन्सी आहे, पॅकेट लॉस तिथेही नाही. म्हणजे हे दुखणं आपल्यापुरतं नाही. पण ज्या पट्ट्यात निम्म्या घरांत कुणीतरी कधी ना कधी कंट्रोल चार्ट भरलेला आहे, त्यानं तरी वेगाच्या एका आकड्यावर समाधान मानू नये.

तक्रारीचा रस्ता आहे, तोही सांगते. कस्टमर केअरला नोंद केल्यावर डॉकेट नंबर घ्यायचा. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. २०१२ च्या नियमांप्रमाणे त्याला पैसे पडत नाहीत आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. ट्राय स्वतः एकेकट्या ग्राहकाची तक्रार हाताळत नाही, तिथे लिहून वेळ घालवू नये. अपिलात ‘नेट नीट चालत नाही’ असं लिहिलं की उत्तर ठरलेलं: आमच्या तपासणीत वेग योग्य आढळला. म्हणून मी लिहिलं ते असं: लॅन केबलनं, राउटरपर्यंत लॉस शून्य, रात्री साडेआठ ते साडेनऊ राउटरपुढे ४ टक्के, दुपारी त्याच मार्गावर शून्य, फायबरची पॉवर मायनस २२.४, म्हणजे लाइन ठीक. तेव्हा तुमच्या पुढच्या लिंकचा त्या तासातला भार कळवा. पहिल्यांदाच मला स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट न जोडलेलं उत्तर आलं. भार कळवला नाही, पण ‘क्षमतावाढ प्रस्तावित’ असं लिहून आलं. प्रस्तावित म्हणजे काय ते पिंपरी-चिंचवडकरांना वेगळं सांगायला नको.

एकटीनं अपील करून फार काही हलत नाही. हलतं ते सोसायटीच्या जोरावर, आणि तो जोर आपण फार स्वस्तात विकतो. कुठल्याही इंटरनेट कंपनीला टॉवरमध्ये शिरायचं तर डक्ट हवं, गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये डबा लावायला जागा हवी, डब्याला लाइट हवी. त्यासाठी ते कमिटीकडे परवानगीचं पत्र मागतात. कमिटी त्या बदल्यात काय मागते? सोसायटी ऑफिसला एक कनेक्शन फुकट, वॉचमनच्या केबिनला एक फुकट. झाली सही. डब्याला बॅटरी आहे का, हेसुद्धा कुणी विचारत नाही. मग गुरुवारी देखभालीसाठी लाइट गेली की घरातला राउटर इन्व्हर्टरवर सुरू आणि खालचा डबा मेलेला.

आमच्याकडे आता दुसरी कंपनी परवानगी मागायला आली आहे. मी कमिटीला दोन कलमं लिहून दिली. महिन्यातून एकदा रात्री नऊ वाजता सोसायटी ऑफिसच्या लाइनवरून एक हजार पिंग, आकडा नोटीस बोर्डावर. आणि डक्टमधल्या प्रत्येक डब्यात जॉब कार्ड: तारीख, कुठल्या फ्लॅटची लाइन, पॉवर आधी किती, नंतर किती, काय बदललं, सही. सेक्रेटरी म्हणाले, “मॅडम, एवढं कोण भरणार?” कंपनीचा माणूस शेजारीच बसला होता. तो म्हणाला, वॉचमनच्या केबिनला दोन कनेक्शन देतो.

विषय पुढच्या सभेत आहे. सभा रविवारी रात्री साडेआठला ठेवली आहे, ऑनलाइन.